हिच्या वाटचं

इस्पितळात तिला सगळे फोटोबाई म्हणत. एक्स-रे काढायला आलेली माणसं "फोटो कुठे काढतात हो?" असं विचारत यायची, त्यावरून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दिवसभर ती लोकांना खांदे पाडायला सांगायची, हनुवटी वर करायला सांगायची, श्वास रोखून धरायला सांगायची, आणि मोठमोठे हट्टी लोकही मुकाट ऐकायचे. घरी मात्र ऐकायला कुणीच नव्हतं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. तिथे खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर कायम घडी न केलेले कपडे असायचे. येऊन कुणी बसणारं असतं तर तिने ते उचलले असते.

तिला देव नको होता, पण सण हवा होता. सगळा घोळ एवढ्याचाच. देव नाही हे तिला विशीत असताना पटलं, कुणी शिकवलं नाही, भांडण नाही, रुसवा नाही, एक दिवस मनात चाचपून बघितलं तर तिथे कुणी नव्हतं. पण सणाच्या आधी घराची होणारी उलथापालथ, माळ्यावरून निघणारी मोठी पातेली, टेबलावरची वर्षातून एकदाच बाहेर येणारी इस्त्रीची चादर, गाण्यात एखाद्याचा हमखास चुकणारा सूर, हे सगळं तिला मनापासून आवडायचं. गाणी तर तिला घरातल्या भाविकांपेक्षा जास्त पाठ होती. दुसरं कडवं आलं की सगळे गुणगुणायला लागत आणि शब्द एकटी ती म्हणत असे.

लोकांना हे पचत नसे. तिच्या खात्यात तिच्याबरोबर एक गृहस्थ होते, चहाचा थर्मास काखेत मारल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तेही थर्मासच. सणाच्या दिवशी ड्यूटी कुणी करायची हा प्रश्न निघाला की थर्मास हिच्याकडे बघत.

"तुम्हाला काय हो सणाचं? देव मानत नाही ना? मग बसा की इथे. आम्हाला मुलंबाळं आहेत."

"बाकीच्या सगळ्या सणांना मीच करते ना ड्यूटी? हा एक नाही जमणार. दादाकडे जायचंय."

"कशाला पण?" थर्मासना खरंच कळत नव्हतं. "सण म्हणजे काय हॉटेल आहे का बाई, कार्ड बघून हवं ते मागवायचं? देव नको, नुसतं गोड आणा?"

ती हसली. विनोद चांगला होता हे तिला मान्यच होतं. पण घरी गेल्यावर तो विनोद जेवताना पुन्हा आठवला आणि तेव्हा तिला हसू आलं नाही.

बरं, तिच्यासारख्याच देव न मानणाऱ्यांकडे जावं तर तिथेही वेगळं काही नव्हतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचं मंडळ भरायचं. ती एकदा हौसेने गेली. सणाला तुम्ही काय करता असं कुणीतरी विचारलं आणि हिने सरळ सांगितलं, दिवे लावते, गाणी म्हणते, भावाकडे जेवायला जाते. त्यावर दाढीवाले एक जण म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून कच्च्या आहात." जणू काही ती आचेवरून लवकर उतरवलेली भाजीच. ती परत त्या खोलीत गेली नाही. ना घरची ना दारची, असं तिची आई कुणाकुणाला म्हणायची. ते आपल्याला इतकं चपखल बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

आई गेल्यापासूनचा हा पहिला मोठा सण होता.

त्यांच्या घरची एक रीत होती. सणाच्या दुपारी सगळे जेवायला बसले की ताटाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने एकेक वाक्य मोठ्याने देवाला म्हणायचं. या वर्षी काय दिलंस, त्याचे आभार. थोरल्यापासून सुरुवात आणि शेंडेफळापाशी शेवट. शेवटचं वाक्य होईपर्यंत जेवण निवलं तरी चालेल. ज्या वर्षी हिने "मी नाही म्हणणार, मला ते खरं वाटत नाही" असं सांगितलं, त्या वर्षी वडील ताटावरून उठायला निघाले होते. आईने त्यांचा हात धरून बसवलं, हिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाली, "देवा, हिच्या वाटचं मीच म्हणते. पोरगी उपाशी नको राहायला." वडिलांना हसू आवरलं नाही आणि जेवणं झाली.

त्यानंतर दरवर्षी तेच. वडील गेले, दादाचं दुकान झालं, त्याचा मुलगा मोठा झाला, पण हिची पाळी आली की आई आपलंच वाक्य अजून संपलं नसल्यासारखी पुढे म्हणायची, "आणि हिच्या वाटचं." एवढंच. पुढे काही नाही. काय दिलंस, कशाचे आभार, काही नाही. सगळे खुदकन हसायचे आणि डाव पातेल्यात पडायचा. त्या दोन शब्दांवर हिने आयुष्यभर त्या टेबलापाशी जागा मिळवली होती, हे तिला आई गेल्यावर कळलं.

सणाच्या आधी दादाचा फोन आला. दादाचं रंगाचं दुकान होतं. फोनवर बोलतानाही त्याच्या मागे डबे हलवायच्या यंत्राची खडखड चालू असे, त्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोलायचा. या खेपेला यंत्र बंद होतं. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं की काहीतरी शिजतंय.

"येणार आहेस ना?"

"मग? नेहमीसारखी सकाळीच येते. भाज्या मी चिरीन."

"हो, ते ये ग." दादा जरा थांबला. "या वर्षी व्याही येणार आहेत. दोघंही. सूनबाईचा पहिला सण आहे."

"अरे वा."

"त्यांच्याकडे सगळं फार नेमाने असतं. व्याही प्रार्थनामंडळाचे अध्यक्ष आहेत. म्हणजे बघ... आई होती तोवर ठीक होतं. आईने तुला पाठीशी घातलं. आता तुझं तुला म्हणावं लागेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मग संध्याकाळी ये ना. जेवणं झाल्यावर. तुझ्यासाठी काढून ठेवेल वहिनी."

काढून ठेवेल. दुधवाल्यासाठी ठेवतात तसं. पण ती एवढंच म्हणाली, "बघते." आणि पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं.

त्यानंतरचे दिवस तिने मनाशी हुज्जत घालण्यात काढले. इकडे आड तिकडे विहीर. म्हणावं तर खोटं, न म्हणावं तर संध्याकाळी डबा. पण खोटं तरी नक्की कुणाशी, असं तिच्या मनात येई. देवाशी म्हणावं तर तो तिच्या लेखी नाहीच. नसलेल्याशी कुणी खोटं बोलत नसतं. मग खोटं होईल ते टेबलाभोवतीच्या माणसांशी. पण त्या माणसांना तर तेच हवं होतं! एका म्हाताऱ्याच्या बरगड्यांचा फोटो काढताना ती या विचारात इतकी गुंतली की त्याला "श्वास सोडा" म्हणायचंच विसरली. बिचारा लालबुंद होऊन उभा. "बाई," तो शेवटी म्हणाला, "मला सोडा किंवा श्वास तरी सोडू द्या." तिने त्याची तीनतीनदा माफी मागितली आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं. म्हणायचं. एक वाक्य तर आहे. आईने इतकी वर्षं आपल्या वाटचं म्हटलं, आपण एकदा म्हटलं तर काय जीभ झडणार आहे?

सणाच्या दिवशी ती सकाळीच दादाकडे पोचली. दार सूनबाईने उघडलं, पोर गोड होती, वाकून नमस्कार करायला लागली तर हिने तिला वरच्यावर धरलं. स्वयंपाकघरात वहिनी घामाघूम झाली होती. वहिनी चारचौघांत हिला "वन्सं" म्हणायची आणि अहोजाहो करायची. दोघीच असल्या की सरळ "ए" असायचं. लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही त्यांची गंमत होती.

"ए, आलीस? ते बटाटे घे आधी. आणि ऐक, भांडू नकोस हं आज."

"मी कशाला भांडू? मी म्हणणार आहे."

वहिनीचा हात पातेल्यावर थबकला. "खरंच?"

"खरंच."

वहिनीने गॅस बारीक केला, परत मोठा केला. हिला वाटलं होतं वहिनी खूश होईल.

दुपारी सगळे बसले. चादर तीच होती, इस्त्रीची. दादा थोरल्याच्या जागी. आईच्या खुर्चीवर विहीणबाईंना बसवलं होतं, पाहुण्यांना चांगली खुर्ची द्यायची म्हणून, आणि त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. तरी हिला त्या खुर्चीकडे बघवेना. व्याही उंच, शांत, स्वच्छ माणूस. आवाज असा की ऐकतच राहावं. त्यांनी गाणं सुरू केलं आणि हिने दुसऱ्या कडव्यालाही त्यांची साथ सोडली नाही, तेव्हा त्यांनी हिच्याकडे पाहून मान डोलावली. हिला लहान मुलीसारखा आनंद झाला. वाटलं, जमतंय. उगीच घाबरले.

मग वाक्यं सुरू झाली. व्याह्यांचं झालं, विहीणबाईंचं झालं. दादाने दुकान चाललं, सून घरात आली म्हणून आभार मानले. वहिनीने डोळे मिटले. वहिनी दरवर्षी सगळ्यांत छान म्हणायची. "देवा, सासूबाईंना तुझ्याकडे नेलंस, पण त्यांची माया आमच्यापाशी ठेवलीस, तुझे उपकार." तिचा गळा दाटून आला. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

आणि हिची पाळी आली.

क्षणभर तिने वाट पाहिली. कुणीतरी म्हणेल अशी सवयच होती तिला. कुणी म्हटलं नाही. दादाचा मुलगा ताटाकडे बघत होता.

"देवा," ती म्हणाली. शब्द सहज निघाला. "या वर्षीही मला या घरात, माझ्या माणसांत बसून जेवायला मिळतंय. तुझे आभार."

'देवा' सोडला तर त्यातलं सगळं खरं होतं. तिचं तिलाच भरून आलं.

"वा!" व्याही म्हणाले. "फार मनापासून म्हणालात ताई."

तिने हसून दादाकडे बघितलं. दादाचा चेहरा उतरला होता. तो हातातल्या चमच्याने चादरीची सुरकुती सरळ करत होता.

"खोटं आहे ते," दादा म्हणाला.

तो मोठ्याने नाही बोलला. जन्मभर यंत्राच्या वर आवाज चढवून बोलणारा माणूस, पण हे तो इतकं हळू म्हणाला की सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, तूच तर म्हणालास..."

"म्हणालो मी. मला वाटलं तुला काहीतरी वाटेल. आई गेली, आता तरी वाटेल. पण तुझा आवाज मला कळत नाही का? लहानपणी पेला फोडून 'मी नाही फोडला' म्हणायचीस, अगदी तोच." त्याचे डोळे पाण्याने भरले होते आणि त्यामुळे त्याला आणखी राग येत होता. "गप्प बसली असतीस तर परवडलं असतं. सणाच्या दिवशी, देवासमोर खोटं! आई असती तर तिला हे खपलं नसतं."

"मग मी करू काय? गप्प बसले तर संध्याकाळी ये. बोलले तर खोटं. सांग ना दादा, मी करू तरी काय?"

"विश्वास ठेव!" दादा म्हणाला. दिव्याचं बटण दाबायला सांगावं इतकं ते सोपं होतं त्याच्या लेखी. "एवढंच. अख्खं जग ठेवतं. तुलाच काय होतं?"

व्याह्यांना आता कुठे उलगडा झाला. ते चिडले नाहीत. हिला वाटलं, चिडले असते तर बरं. ते अगदी सभ्यपणे दादाला विचारू लागले, जणू ही त्या खोलीत नव्हतीच. "म्हणजे या मानतच नाहीत? मग बसतात कशाला? आणि गाणंही म्हणाल्या आपल्याबरोबर?" त्या गाण्याचंच त्यांना जास्त लागलेलं दिसलं. आपल्या घरातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी तसे ते हिच्याकडे बघत होते.

"अन्न निवतंय," वहिनी उठत म्हणाली. "वन्सं, घ्या ना. वाढू?"

जेवण झालं. सगळ्यांनी हिला सगळं वाढलं, आग्रहसुद्धा केला. फक्त तिच्याशी कुणी बोललं नाही. घास तोंडात फिरत राहिला, पण तिने पानात काही टाकलं नाही, कारण टाकलं असतं तर त्याचाही काही अर्थ निघाला असता.

नंतर पुरुष बाहेरच्या खोलीत गेले, सूनबाई आईवडिलांपाशी बसली, आणि ही मोरीशी मोठी पातेली घासायला उभी राहिली. हात चालू असले की डोळ्यांना जरा अटकाव राहतो. वहिनीने आत येऊन दार लोटलं आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज भरून राहिला.

"ए, रडू नकोस."

"नाही रडत."

"तुला तेवढंही नीट म्हणता आलं नाही का ग?"

"मी नीटच म्हटलं वहिनी. त्याने ओळखलं. तुझ्यासारखं मनापासून कुठून आणू?"

वहिनी पातेल्यात बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याही मनात काही नसतं."

हिचा हात थांबला.

"सासूबाई शेवटी शेवटी इतक्या तळमळत होत्या, तेव्हापासून. मी रात्रंदिवस म्हणत होते ग. मनापासून म्हणत होते. आणि मग एक दिवस कळलं, आपण भिंतीशी बोलतोय." वहिनीचा आवाज नळाखाली जेमतेम ऐकू येत होता. "आज म्हटलं ना, ते सगळं बसवलेलं. गळासुद्धा बसवलेला. तुझ्या दादाला कळलं नाही. कुणालाच कळत नाही."

फोटोबाईला झालं ते दुःख नव्हतं. लाज वाटावी इतका तो आनंद होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिच्यासारखं कुणीतरी होतं. आणि तेही कोण, तर वहिनी! तिने साबणाचे हात तसेच पुढे केले आणि वहिनीचं मनगट धरलं. "मला आधी का नाही सांगितलंस? वेडे, अग मी होते ना! मला फोन करायचास. आपण दोघी..."

"नाही." वहिनीने हात हळूच सोडवून घेतला. "आपण दोघी नाही. मला इथे राहायचंय. सून आली आहे, उद्या नातवंडं येतील. मला हे दरवर्षी म्हणायचं आहे, आणि मी ते म्हणणार, चांगलं म्हणणार. पण तू समोर बसलीस ना, की माझी जीभ अडते. आज कसं निभावलं माझं मला माहीत. तू तिथे खरी बसलेली असतेस, आणि मी अशी."

"मग?"

"पुढच्या वर्षी नको येऊस सणाला." वहिनीने डोळे पुसले. "इतर दिवशी ये, हवं तेव्हा ये, राहायला ये. सणाला तेवढं नको. दादाचं सोड, त्याला मी उद्या समजावलं असतं. हे मी मागते आहे."

दादाशी भांडता आलं असतं. व्याह्यांशी वाद घालता आला असता, थर्मासना टोला देता आला असता. वहिनीला काय म्हणणार? सगळ्या घरात एकाच माणसाला ती कळत होती, आणि तेच माणूस तिला दाराबाहेर काढत होतं, म्हणून तर काढत होतं. ती बराच वेळ पातेल्याच्या तळाशी घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"बरं," ती म्हणाली.

निघताना वहिनी सगळ्यांसमोर दारापर्यंत आली. "सांभाळून जा हं वन्सं," म्हणाली आणि हातात गोडाचा डबा दिला. व्याह्यांनी लांबूनच हात जोडले. दादा काही न बोलता चप्पल घालून तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत आला. रस्ता रिकामा होता. सगळी माणसं घरात होती, खिडक्याखिडक्यांतून भांड्यांचे आणि हसण्याचे आवाज येत होते.

दादा तिच्या शेजारी उभा राहिला. राग ओसरल्यावर त्याला नेहमीच अपराधी वाटायचं आणि ते कसं बोलावं हे त्याला कधीच जमायचं नाही.

"आत इतका वेळ काय बोलत होतात?" त्याने विचारलं. "काय म्हणाली वहिनी?"

तिने दादाकडे बघितलं. त्याचे कानशिलावरचे केस पार पांढरे झाले होते. या माणसाला आपला आवाज कळतो, दुपारीच त्याने दाखवून दिलं होतं. तिने एक श्वास घेतला.

"म्हणाली, देवावर विश्वास ठेवा. मी ठेवते तसा. मन हलकं होतं म्हणाली."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती नजर न हलवता उभी राहिली. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा.

"बघ," तो म्हणाला. "शिक जरा तिच्याकडून."

"हो रे दादा," ती म्हणाली. "शिकते आहे."

बस आली. सणाचा दिवस होता, आत ड्रायव्हरशिवाय कुणीच नव्हतं. ती मागच्या खिडकीशी जाऊन बसली, आणि दादा थांब्यावरून हात हलवत राहिला, बस वळेपर्यंत, अगदी समाधानाने.